100 टक्के कॉटन पेपर घ्यावा का? जळगावच्या उन्हात वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचलं तरी चालेल. वॉटरकलर करत असाल आणि खिशात मोजके पैसे असतील तर ते रंगांवर घालू नका, ब्रशवर घालू नका, कागदावर घाला. 300 जीएसएम (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन 300 ग्रॅम, चांगला जाड), 100 टक्के कॉटन, कोल्ड प्रेस (म्हणजे थोडा खरखरीत). आणि आणल्यावर तो मोठाच्या मोठा कपाटात जपून ठेवू नका, फाडून पोस्टकार्डाएवढे तुकडे करा आणि रोज एक वापरा. हे दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे, ते का ते पुढे येईलच.

मी जळगावात राहते, एटीडी (चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा) केलंय, घरीच एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे क्लास घेते, लोकांनी सांगितली तर पोर्ट्रेटं आणि देवघराची चित्रं पण करून देते, आणि सकाळी क्लास सुरू व्हायच्या आधीचा वेळ माझा स्वतःचा. त्या वेळात जे काढते ते कोणाला विकायचं नसतं, कोणाला दाखवायचं पण नसतं. क्लासला येणाऱ्या मुलांचे पालक, आणि आता तर मुलांना सोडायला येता येता स्वतःच बसायला लागलेल्या दोन-तीन जणी, सगळे एकच विचारतात, मॅडम रंग कोणते घेऊ? कागद कोणता घेऊ हे कोणी विचारतच नाही, कागद म्हणजे काय, दुकानात गेलं की मिळतो तो कागद. म्हणून म्हटलं एकदाचं सविस्तर लिहूनच टाकू.

कंपनीचं नाव मी मुद्दाम देत नाहीये. मी आलटून पालटून बरेच वापरते, देशी पण आणि कधीमधी परदेशी पण, आणि हा रिव्ह्यू एका कंपनीचा नाहीच, त्या प्रकारच्या कागदाचा आहे.

तर कॉटन पेपर म्हणजे काय ते आधी. नेहमीचा कागद लाकडाच्या लगद्याचा. लाकडात लिग्निन नावाचं एक द्रव्य असतं, ते राहिलं की कागद पिवळा पडतो, रद्दीतला पेपर उन्हात ठेवून बघा दोन दिवसांत कसा होतो. वॉटरकलरसाठी जे 300 जीएसएमचे स्वस्त पॅड मिळतात त्यांच्यातलं लिग्निन काढलेलं असतं, त्यामुळे ते लगेच पिवळे नाही पडत, पण धागा लाकडाचाच. कॉटन पेपर कापसाचा. आपल्याकडे जिनिंगमध्ये सरकीपासून रुई सुटी होते ना, त्यानंतरही सरकीला बारीक लव चिकटून राहते, तिला लिंटर म्हणतात, ती पुढे तेल गिरणीत काढतात. कॉटन पेपरचा लगदा या लिंटरचा नाहीतर कापडाच्या चिंध्यांचा. कापसाच्या धाग्यात मुळातच जवळजवळ सगळं सेल्युलोजच असतं, लिग्निनचा प्रश्नच नाही, म्हणून हा कागद नीट ठेवला तर पिढ्यान् पिढ्या टिकतो.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात, घरची शेती कापसाची. पहिल्यांदा हा कागद घरी नेला तेव्हा आप्पांनी एक कोपरा हातात घेऊन अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळून बघितला, रुईचा धागा किती लांब आहे ते बघायला ओढतात तसा ओढून पण बघायला लागले, मग म्हणाले, "हाऊ कागद कपासना शे?" मी म्हटलं हो आप्पा, पूर्ण कापसाचाच. "मंग इतला महाग कसा?" आता ज्या माणसाने आयुष्यभर कापूस क्विंटलच्या भावाने विकलाय, कधी भाव पडला म्हणून घरात भरून ठेवलाय, कधी बोंडअळीने अर्धा गेलाय, त्याचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. मी त्यांना खिशातली नोट काढायला सांगितली. आपली नोट पण 100 टक्के कापसाच्याच कागदाची असते, रिझर्व्ह बँकच तसं सांगते, म्हणून शर्टाबरोबर धुतली गेली तरी लगदा होत नाही, वाळवली की चालते. चित्राच्या कागदाचं पण तेच आहे, ओला करा, चोळा, परत ओला करा, तो मोडत नाही. महाग होतो तो पुढच्या कामाने, लगदा बारीक करणं, साच्यावर हळूहळू कागदाचा ताव उचलणं, साइझिंग (ते काय ते पुढे सांगते), वाळवणं. आप्पांना पटलं का माहीत नाही, पण तेव्हापासून घरी गेले की ते विचारतात, कागद आना का?

आता मुख्य मुद्दा, ऊन. वॉटरकलरचे जे व्हिडिओ आपण बघतो ते बनवणारी माणसं थंड आणि दमट हवेत बसलेली असतात. ते म्हणतात आकाशाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा मोठा हात, मारा, मग निवांत दुसरा रंग सोडा, बघा कसा पसरतो. जळगावात वैशाखात 44-45 डिग्रीला, हवा एकदम कोरडी, निवांत वगैरे काही नसतं, ब्रश पाण्यात बुडवून परत कागदाजवळ आणेपर्यंत कडा वाळलेली असते. आणि मग त्या वाळलेल्या कडेवर ओला रंग गेला की फुलकोबीसारखा डाग उमटतो. शिकणाऱ्याला वाटतं आपल्याला जमत नाही. अहो जमतं तुम्हाला, कागद तुम्हाला वेळ देत नाहीये!

हे मी मुलांना दाखवायला म्हणून मुद्दाम करून बघितलं, गच्चीवर, भर उन्हात नाही पण पत्र्याच्या सावलीत, दुपारच्या वेळी. तीन कागद शेजारी शेजारी, साधा कार्ट्रिज म्हणजे नेहमीचा ड्रॉइंगचा कागद, लाकडाच्या लगद्याचा 300 जीएसएम, आणि कॉटन 300 जीएसएम. तिन्हीवर तोच अल्ट्रामरीन निळा, तोच ब्रश, तेवढंच पाणी. कार्ट्रिजने लगेच पोट फुगवलं, खळग्यात रंग साचला, उंचवटे कोरडे. दुसरा सपाट राहिला, पण पाणी त्याच्या वरवर बसलं होतं आणि वरच्या वरच उडून गेलं, मधे ओला कडेला कोरडा, पट्टे पट्टे. कॉटनने पाणी आत ओढून घेतलं आणि आतून हळूहळू सोडत राहिला, वरची चकाकी गेल्यावरही तो बराच वेळ ओलसर होता आणि त्या ओलसरपणात मी खाली सातपुड्याची रांग सोडली तर ती तशीच पसरली जशी यावलच्या रस्त्याने लांबून दिसते, धुरकट, कडा नसलेली. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांमध्ये बसून जी दाणेदार पोत येते ती पण याच्यावरच सगळ्यात सुंदर आली. हे बघितल्यावर क्लासमधल्या एका सातवीच्या पोराने विचारलं, मॅडम तुम्ही तिसऱ्यावर वेगळा रंग वापरला का. नाही रे बाबा, तोच.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की हा कागद मुंबईतल्या माणसापेक्षा आपल्याला जास्त लागतो. तिकडे हवाच मदत करते. इथे हवा विरोधात असते आणि तेवढी मदत कागदाकडून घ्यावी लागते.

उन्हाळ्यात आणखी काय करता येतं तेही सांगते कारण नुसता कागद आणून भागत नाही. कागद दोन्ही बाजूंनी ओला करायचा आणि अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्यावर नाहीतर गुळगुळीत फरशीवर चिकटवायचा, खालून ओल मिळत राहते. रंगाच्या पाण्यात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब टाकले की सुकणं मंदावतं, जास्त टाकलं तर चित्र चिकट राहतं आणि त्याच्यावर धूळ बसते तेव्हा हात आवरून. आणि कूलर! कूलरच्या खोलीत हवा दमट असते, ती चित्राला चांगली, पण कूलरचा झोत थेट कागदावर घेतला तर सगळं उलटं होतं, दोन मिनिटांत खडखडीत. मी कूलर असलेल्या खोलीत झोताच्या बाजूला, भिंतीच्या कोपऱ्यात बसते. हिवाळ्यात हे काहीच लागत नाही, मार्गशीर्ष-पौषात सकाळी तर उलट वॉश सुकायची वाट बघत चहा होतो.

साइझिंगबद्दल थोडं, कारण फसगत बहुतेक इथेच होते. कागद नुसता कापसाचा असून चालत नाही, त्याला साइझिंग लागतं, म्हणजे लगद्यात आणि वरून सरस नाहीतर तसाच काही पदार्थ लावलेला असतो, म्हणून रंग टिपकागदासारखा आत शोषला न जाता वर राहतो. हे नसेल तर कितीही शुद्ध कापूस असू दे, रंग बुडाला, मेला, चित्र खडूने काढल्यासारखं मळकट. मागे मी एक स्वस्तातला पॅड मागवला होता, वर मोठ्या अक्षरात 100 टक्के कॉटन, आणि त्यातले अर्धे कागद बरे निघाले, अर्ध्यांवर ठिकठिकाणी गडद ठिपके उमटले, तिथे तिथे साइझिंगच नव्हतं. हातकागदाचं पण असंच बघून घ्यावं लागतं. आपल्याकडे पुण्यातली हातकागद संस्था 1940 पासून कापडाच्या चिंध्यांपासून कागद करतेय, गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या प्रेरणेतून निघालेलं काम आहे ते, आणि हातकागदाची पोत, त्याची कातरी कडा, हातात घेतल्यावर जो जिवंतपणा जाणवतो तो मशीनच्या कागदाला नाही. पण हातकागद शंभर कामांसाठी बनतो, पत्रिका, फाइली, डायऱ्या, पिशव्या, सगळाच वॉटरकलरसाठी साइझ केलेला नसतो, तेव्हा कुठूनही घ्या पण घेताना तोंडाने विचारा, वॉटरकलरला चालणारा द्या म्हणून. शाईच्या स्केचला मात्र मला हातकागद फारच आवडतो.

आणखी एक गोष्ट, जी इकडे बऱ्याच जणांना महत्त्वाची वाटेल. पारंपरिक साइझिंग जिलेटिनचं असतं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्याचं. माझ्याकडे एक जैन मुलगी यायची, तिच्या आईने हे ऐकलं आणि कागद परत केला, मला त्यात काही चूक वाटलं नाही, ज्याचा त्याचा विषय. आर्शसारख्या जुन्या फ्रेंच कागदाला जिलेटिनच असतं. इटलीच्या फाब्रियानोचा आर्टिस्टिको प्राणिज साइझिंगशिवाय बनतो. देशी पॅडवर लिहिलेलं नसतं बऱ्याचदा, विक्रेत्याला विचारायचं, नीट उत्तर नाही आलं तर घ्यायचा नाही.

हे सगळं ऐकून कोणाला वाटेल एवढं काय त्या कागदाचं, चित्र तर रंगांनी होतं. त्यांनी एकदा अजिंठ्याला जाऊन यावं. जळगावहून साठेक किलोमीटर, आपण पाहुणे आले की त्यांना घेऊन जातो, फोटो काढतो, परत येतो. या वेळी चित्राकडे नाही, चित्राच्या खाली बघा, जिथे पोपडे निघालेत तिथे. खडबडीत खडक, त्याच्यावर मातीचा गिलावा, त्या मातीत भाताचा तूस, वनस्पतींचे तंतू कालवलेले, तो घोटून घोटून सपाट केलेला, त्याच्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो कोरडा झाल्यावर मग रंग. रंग काय होते, गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना, बरंचसं इथल्याच डोंगरातलं. एक निळा तेवढा लांबून आलेला, लाजवर्दी दगडाचा. म्हणजे रंग साधे, आणि मेहनत सगळी पृष्ठभागावर. रंग धरून ठेवायला सरसच. दीड हजार वर्षांपूर्वी इथे बसून काम करणाऱ्या माणसांना जे कळलं होतं तेच मी सांगतेय, आधी भिंत नीट करा, मग हात लावा.

म्हणूनच रंगांच्या बाबतीत माझा अजिबात आग्रह नाही. आपले कॅमलचे आर्टिस्ट वॉटर कलर घ्या, 1931 मध्ये दांडेकर बंधूंनी शाईपासून सुरू केलेलं घर आहे ते, गल्लीतल्या स्टेशनरीत ट्यूब मिळते, संपली तर एकच सुटी आणता येते, मुंबईहून पार्सल यायची वाट बघावी लागत नाही. बाराचा डबा पण लागत नाही. मी सहा ट्यूबवर वर्षभर काढते. अल्ट्रामरीन, लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, क्रिमसन, आणि एक व्हर्मिलियन कारण फाल्गुनात सातपुड्यात पळस फुलतो आणि तो केशरी-लाल कशातूनच मिसळून येत नाही. काळी माती पाहिजे? अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना, काळ्या ट्यूबपेक्षा कितीतरी खरी येते, नांगरलेल्या ढेकळांना जो निळसर काळेपणा असतो ना पहिल्या पावसानंतर, तसाच. केळीचं पान? लेमन यलोमध्ये किंचित अल्ट्रामरीन, आणि उन्हाकडून बघितलेलं पान असेल तर अजून पिवळं, रावेर-सावद्याच्या बागांमध्ये सकाळी उभं राहून बघा, मागून ऊन आलं की पान हिरवं नसतंच, जवळजवळ पिवळंच असतं.

आता उणिवा, कारण फक्त कौतुक केलं तर तो रिव्ह्यू नाही.

एक तर यावर खोडाखोड नाही. लाकडाच्या लगद्याच्या कागदावर रंग वरवर बसतो म्हणून ओल्या ब्रशने उचलता येतो, चुकलं तर पुसता येतं. कॉटनमध्ये रंग आत जातो, थोडा उचलला जातो पण पूर्ण पांढरं परत मिळत नाही. पांढरं जिथे हवं तिथे आधीच सोडायचं. नवीन माणसाला हे पहिले काही दिवस जड जातं. पेन्सिलचं पण तसंच, हलक्या हाताने काढायची, आणि कडक खोडरबर लावला की वरचं साइझिंग घासलं जातं आणि नेमकं तिथेच रंग गडद बसतो, मऊ पुटी रबर वापरा. तिसरं म्हणजे बारीक नक्षीकाम, दागिने, अक्षरं, ज्यांना कोल्ड प्रेसची खरखर नको असते त्यांनी हॉट प्रेस घ्यावा, तो गुळगुळीत असतो, पण उन्हाळ्यात त्याच्यावर मोठा वॉश मारणं मला अजूनही त्रासाचंच वाटतं.

पैशांचं. ए5 आकाराचा देशी कॉटन पॅड चार-पाचशेच्या घरात जातो, कागद मोजके असतात, आणि साध्या पॅडच्या तुलनेत हे दुप्पट-तिप्पट होतं, यात वाद नाही. पण पॅड घेऊच नका खरं तर, एकदा सवय झाली की मोठी शीट घ्या, 22 बाय 30 इंचाची. ती अर्धी, परत अर्धी, परत अर्धी केली की साडेसात बाय अकराचे आठ कागद होतात, आणि ते परत अर्धे केले की सोळा, म्हणजे पोस्टकार्डापेक्षा थोडे मोठे. कात्रीने कापू नका, घडी घालून नखाने दाबा, उलट घडी घाला, मग पट्टी ठेवून फाडा, कडा सुंदर येते. चांगल्या कॉटनच्या दोन्ही बाजू वापरता येतात. आता मोठ्या शीटची किंमत भागिले सोळा, भागिले दोन करून बघा. एक चित्र एका कटिंग चहाच्या आसपास येतं. हा हिशोब मी ज्या ज्या पालकांना करून दाखवला त्यांचा चेहरा बदलला.

आणि आता ते दुसरं वाक्य, छोटे तुकडे करण्याचं. चांगला कागद आणला की माणूस त्याला घाबरतो. तो कपाटात जातो. चांगला विषय सुचेल तेव्हा, चांगला वेळ मिळेल तेव्हा, हात बसला की मग. माझ्या ओळखीत अशी माणसं आहेत ज्यांच्याकडे लग्नाआधीचे कागद अजून कोरे आहेत, आणि त्या कागदांबरोबर त्यांचं चित्र काढणं पण कपाटात गेलं. ही गोष्ट मला फार लागते. एकेकाळी शाळेत पहिलं बक्षीस घेतलेल्या बाया, हात अजून तसाच आहे, रांगोळी बघा त्यांची, भिंतीवर काढलेली आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीची सजावट बघा, आणि विचारलं तर म्हणतात, आता कुठे मॅडम, वेळच नाही. वेळ मोठ्या कागदाला लागतो. पोस्टकार्डाएवढ्या कागदाला डाळ शिजेपर्यंतचा वेळ पुरतो, आणि तो कागद चांगला असेल तर त्या तेवढ्याशा वेळात पण असं काहीतरी घडतं की उद्या परत बसावंसं वाटतं. वाईट कागदावर रोज बसलं तर रोज हिरमोड होतो, आठ दिवसांत माणूस सोडून देतो. माझ्या दृष्टीने या कागदाचा सगळ्यात मोठा गुण हाच, पोत नाही, टिकाऊपणा नाही, तो तुम्हाला उद्या परत बसवतो.

कलाकार म्हणून जगायचं तर मुंबईलाच जावं लागतं असं आपल्याकडे अजूनही पोरांना सांगतात. चाळीसगावच्या केकी मूस यांचं घर बघून या, आता तिथे कलादालन आहे. परदेशात शिकून आलेला माणूस, जवळपास पन्नास वर्षं घराबाहेर पडला नाही असं सगळे सांगतात, आणि त्याच घरात टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून त्यांनी अशी छायाचित्रं काढली की बघणाऱ्याला ती बाहेरच्या जगातली वाटावीत, शिवाय चित्रं, शिल्पं, कागदाच्या घड्या, काय काय. 1989 मध्ये ते गेले. त्यांच्यासारखं कोणी घरात बसावं असं मी म्हणत नाही, पण एक टेबल पुरतं एवढं तर त्या घरात गेल्यावर कळतं. माझ्याकडे टेबल पण नाही, ड्रॉइंग बोर्ड मांडीवर, पाण्याला स्टीलचा तांब्या, खिडकीतून समोरच्यांचं कडुलिंबाचं झाड. तेच झाड मी किती वेळा काढलंय, चैत्रातली तांबूस पालवी, ज्येष्ठात धुळीने मळलेलं, पहिल्या पावसानंतर एकदम काळं खोड आणि वर हिरवं. एकाच झाडाचे ते सगळे कागद एकाखाली एक लावून बघितले की वर्ष दिसतं, आणि मला वाटतं रोज काढणाऱ्याला जे मिळतं ते हे आहे, एखादं मोठं फ्रेममधलं चित्र नाही. प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलीने तारीख आणि जागा मात्र लिहा, कंटाळा करू नका.

साठवण. उन्हाळा कागदाला चांगला, पावसाळा वाईट. आषाढ-श्रावणात ओल लागली की साइझिंग खराब होतं आणि बारीक पिवळट ठिपके पडतात, बुरशीचे. कोरे कागद झिप लॉकच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, नव्या चपला-पर्स घेतल्या की निघतात त्याच, फेकायच्या नाहीत. भिंतीला लागून असलेल्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवू नका. काढलेल्या चित्रांचं पण तेच, आणि प्रत्येकाचा उजेडात एक फोटो काढून ठेवा, मोबाइलचा चालतो. भुसावळला रॉबर्ट गिल या इंग्रज चित्रकाराची कबर आहे, त्या माणसाने 1844 नंतर कितीतरी वर्षं अजिंठ्यात राहून तिथल्या चित्रांच्या मोठाल्या नकला केल्या, त्या लंडनला पाठवल्या आणि 1866 मध्ये तिथल्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनाच्या इमारतीला लागलेल्या आगीत त्यातल्या जवळपास सगळ्या गेल्या. त्या बिचाऱ्याला आपल्यासारखा खिशातला कॅमेरा नव्हता.

कोणी घेऊ नये तेही सांगते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना सरावासाठी अजिबात घेऊ नका, परीक्षेत साधा ड्रॉइंग पेपर हातात येतो आणि त्याच कागदावर हात बसायला हवा, पोस्टर कलर पण त्याच्यावर छान चालतात. परीक्षा झाल्यावर बक्षीस म्हणून एक पॅड द्या, हे जरूर करा. अ‍ॅक्रिलिक, ऑइल पेस्टल, नुसती पेन्सिल, यांना कॉटनवर पैसे घालायची गरज नाही. आणि स्केचबुक घेऊन बाजारात, स्टँडवर भराभर माणसं काढणाऱ्यांना साधी वहीच बरी, तिथे हात मोकळा राहिला पाहिजे.

घ्यायचा कुठून. जळगाव, धुळ्याच्या दुकानांत कार्ट्रिज, आयव्हरी, हँडमेड सगळं मिळतं, चांगला कॉटन कधी असतो कधी नसतो, दुकानदाराला सांगून ठेवलं तर मागवून देतात, आणि मी जिथून घेते तिथले काका तर आता स्वतःच फोन करतात, ताई तुमचा कागद आलाय. पुण्या-मुंबईला कोणी जाणार असेल तर मोठ्या शीट गुंडाळून आणायला सांगा, घडी घालून नाही. ऑनलाइन घेताना तीन गोष्टी वाचा, 300 जीएसएम, 100 टक्के कॉटन, अ‍ॅसिड फ्री (म्हणजे आम्ल नसलेला, लवकर पिवळा न पडणारा). नुसतं कॉटन लिहिलं असेल, टक्के नसतील, तर 25 टक्के कॉटन पण असू शकतो. पार्सल आलं की एका कागदाच्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाका, थेंब थोडा वेळ उभा राहून मग हळूहळू आत गेला तर साइझिंग ठीक, टाकल्या टाकल्या गडद डाग पडून पसरला तर लगेच परत करा. पावसाळ्यात मागवलात तर हे त्याच दिवशी करा, परत पाठवायची मुदत थोडीच असते.